भूपालची बोटं आणि माझा उजवा पाय

भूपाल, काल संध्याकाळी पेठेतून घरी येताना मी भांड्यांच्या दुकानापुढे थांबलो. आम्हाला भांडी नको होती. उजव्या पायाची पोटरी आवळून आली होती, पुढे पाऊल टाकवेना, म्हणून थांबलो. दुकानदार म्हणाला, "या नाना, कळशी दाखवू का?" मी कळशी हातात घेतली, बुडाला टिचकी मारली, वजन किती भरेल त्याचा अंदाज केला. तेवढ्यात पोटरी सुटली. कळशी खाली ठेवून मी चालू लागलो आणि कोपऱ्यावर आल्यावर माझ्या अंगावर काटा आला. हे थांबणं तुझं होतं. गेल्या वर्षी तू असाच थांबायचास. कधी कापडाच्या दुकानापुढे, कधी कुणाच्या बैलजोडीपुढे. "खोंड चांगला हाय न्हवं," म्हणायचास. तुला बैल घ्यायचा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

तुला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. लोक तुझ्या सचोटीबद्दल बोलतात, तुझ्या शब्दाबद्दल बोलतात. ते खरं आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी ते लिहीत नाही. मला तुझ्याशी दुसरं बोलायचं आहे. मला भीती वाटते आहे. ही भीती ज्याच्यापाशी बोलावी असा माणूस तूच होतास, कारण तुला ती आतून ठाऊक होती आणि तू ती कुणालाच सांगितली नाहीस.

तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्याला सांगायला हवं. सांगलीच्या हळदीच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. मालाच्या ढिगापाशी दोघं बसतात, रुमालाखाली दोघांचे हात जातात, आणि कुणी किती बोटं धरली त्यावरून भाव ठरतो. भोवतीच्यांना दिसतात ते फक्त दोन चेहरे. मी शेतकऱ्यांच्या बाजूचा अडत्या, तू बाहेरगावच्या व्यापाऱ्यांसाठी माल घेणारा. इतकी वर्षं आपण एकमेकांचे हात असे धरले की बाजारातल्या शंभर हातांत तुझा हात मी डोळे मिटून ओळखला असता. तो कोरडा आणि गरम असायचा. दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास तो गार लागायला लागला. मला वाटलं, सकाळी नदीवर आंघोळ करून येतोस, त्यानं.

सौदा झाला की रुमाल खांद्यावर टाकून तू सिगारेटचा डबा काढायचास. लढाईच्या दिवसांत काडेपेटीची मारामार, म्हणून एका काडीवर दोघांनी पेटवायची असा आपला रिवाज पडला. पुढे काड्या मिळू लागल्या तरी तो राहिला. मी मूळचा माणदेशातला, मेंढरांमागे फिरणाऱ्यांच्या गावचा. आमच्याकडे बिडी. तू म्हणालास, "बिडी सोड गा नाना. ती छातीत जाऊन बसती. सिगारेट बघ, नाकातनं आली तशी गेली." मी आकड्यांचा माणूस. पोतं डोळ्यांनी बघून वजन सांगणारा. तरी हे तुझं बोलणं मी न मोजता घेतलं. कागद पांढरा, डबा चकचकीत, ओढणारे सगळे साहेब लोक. वाईट असती तर साहेबांनी ओढली असती का, एवढा विचार मला पुरला.

तुझ्या घरी मात्र एकटी पद्मावैनी हे मानत नव्हती. तुम्हा जैनांकडे दिवस मावळल्यावर जेवण नाही, कांदा नाही, बटाटा नाही, पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय तोंडाला लागत नाही. एकदा तू गाळलेलं पाणी पिऊन सोप्यात सिगारेट पेटवलीस. वैनी आतून बाहेर आली.

"पाणी दोनदा गाळून पितायसा. धूर कशातनं गाळताय?"

"धुरात जीव नसतोय गं," तू म्हणालास.

"नसतोय. पण घेतोय की."

तू मोठ्यानं हसलास आणि माझ्याकडे बघून म्हणालास, "ऐकलंस न्हवं नाना? हिला बाजारात बसवाय पायजे, आपल्या दोघांची दुकानं बंद." मीही हसलो. वैनी हसली नव्हती. तिचा तेव्हाचा चेहरा मला तू गेल्यापासून आठवतो.

मग ते भांडण झालं. नव्या हळदीचा हंगाम भरात होता. वाळव्याकडच्या एका शेतकऱ्याचा माल, राजापुरी, बोटभर जाडीची हळकुंडं. रुमालाखाली तू भाव दिलास, मी वाढवला, तू होकाराची मान हलवलीस. मी ठरलेला भाव चार बोटांचा म्हणून पुकारला आणि तू उभा राहिलास.

"चार कुठली? तीन धरलीस."

"चार धरली. करंगळीसकट."

"करंगळीला हात लावला न्हाईस तू."

भोवती हमाल, गाडीवान, व्यापारी. कुणीतरी म्हणालं, "रुमालाच्या आतलं रुमालालाच विचारा की." लोक हसले. तू हसला नाहीस. बाजारात रुमालाखालच्या हातावर संशय घेणं म्हणजे काय, ते तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. तू माल घेतलास, मी पुकारलेल्या भावानं घेतलास, पण त्यानंतर आठ-पंधरा दिवस आपण एका काडीवर पेटवली नाही. मी तुझी करंगळी दाबली होती, भूपाल. नेहमीपेक्षा जोरात दाबली होती, कारण ती गार दगडासारखी लागली आणि मी चपापलो होतो.

तूच पहिल्यांदा बोललास. दुकानाच्या पायरीवर येऊन बसलास, जोडा काढलास आणि म्हणालास, "हे बघ जरा. भरंना झालंय." अंगठ्याच्या शेजारच्या बोटाचं टोक काळसर झालं होतं आणि तिथे एक जखम होती, हरभऱ्याएवढी. जोडा लागला म्हणालास. हळद लावून बघितली होतीस. आपल्याकडे हळदीला तोटा नव्हता. तीन महिने ती जखम हळदीला दाद देत नव्हती.

साताऱ्याला एक डॉक्टर आहेत, लढाईवर असताना त्यांनी असे पाय पुष्कळ पाहिले आहेत, असं पलटणीतून परतलेल्या माझ्या पुतण्यानं सांगितलं. आपण आगगाडीनं गेलो आणि पुढे मोटारीनं. डॉक्टरांनी तुझ्या पावलाच्या वरच्या अंगाला बोट ठेवलं आणि बराच वेळ ते बोट इकडेतिकडे सरकवत राहिले. हरवलेली वस्तू शोधावी तसं. मग दुसरं पाऊल. मग हात. मग टाचणी घेतली, तुला तोंड फिरवायला सांगितलं आणि हाताच्या एकेका बोटाला टोचत विचारू लागले, "लागलं?" तू "व्हय, व्हय" म्हणत होतास. करंगळीला टाचणी लागली तेव्हा तू गप्प होतास. त्यांनी पुन्हा टोचलं. तू म्हणालास, "टोचा की साहेब, थांबलासा का?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"तंबाखू किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"मोजत न्हाई साहेब."

मी आकडा सांगितला. तू मोजत नव्हतास, पण मी मोजत होतो. तुझं तोंड उतरलं. डॉक्टर फार बोलणारे नव्हते. त्यांनी एवढंच सांगितलं: तंबाखूचा धूर रक्तात गेला की हातापायाच्या बारीक नळ्या आवळतात. रोज, दिवसातून पुष्कळ वेळा आवळतात. काहींच्या नळ्या मग आतून सुजतात, रक्त तिथे गोठतं, आणि पुढच्या भागाला रक्त मिळेनासं होतं. चालताना पोटऱ्या वळतात, कारण चालण्याला रक्त जास्त लागतं आणि वाट अरुंद झालेली असते. थांबलं की सुटतात. जखम भरायलाही रक्तच लागतं. "ओढत राहिलात तर आधी बोट जाईल, मग पाऊल, मग गुडघ्याखाली पाय. सोडलीत तर बहुतेक पाय राहील."

मी विचारलं, "दिवसाला किती चालतील, साहेब?"

तू म्हणालास, "ह्याला भाव सांगू नका साहेब, हा घासाघीस करतोय."

डॉक्टर हसले, पण उत्तर त्यांनी मलाच दिलं. "आकडाच हवा असेल तर शून्य. कमी म्हणजे किती, हे मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल असंही वाटत नाही. अशा पायाला एकही सोसत नाही एवढं मी पाहिलं आहे." मग म्हणाले, "पायाचं मी खात्रीनं सांगतो. हृदयालाही अशाच नळ्या रक्त पुरवतात. तिथलं अजून सगळ्यांचं एकमत नाही. पण पाय दिसतो, काळा पडला की कळतं. हृदय दिसत नाही. मला विचाराल तर मला त्याची भीती जास्त वाटते."

निघताना ते माझ्याकडे वळले. "तुम्हीही ओढता ना? पाय पुढे करा." मी जोडा काढला तो केवळ तुला सोबत म्हणून. डाव्या पायाला त्यांनी बोट लावलं आणि लगेच उचललं. उजव्यावर बोट राहिलं. "या पायाची नाडी मंद आहे," ते म्हणाले. "आहे, पण मंद आहे." त्यांनी हे सांगितलं तसंच, जसं आपण एखाद्याला माल किंचित ओला आहे म्हणून सांगतो.

परतीच्या गाडीत आपण दोघंही बाहेर बघत होतो. कऱ्हाड मागे पडलं. तुझ्या खिशात डबा होता, माझ्याही. कुणी काढला नाही. मला वाटत होतं, तू आता करंगळीचं काही बोलशील. टाचणीनं आपलं भांडण मिटवलं, असं मी धरून चाललो होतो. बऱ्याच वेळानं तू म्हणालास, "तरी तीनच व्हती."

आज कुणी असं म्हणायला नाही, म्हणून मला ते चार बोटांचं खरेपण नकोसं झालं आहे. तीन होती, भूपाल. तुझ्यापर्यंत पोचलेली तीनच होती.

पुढचं मला सर्वांत कठीण जातं. चातुर्मास आला आणि तू तुमच्या देवळात, बस्तीत जाऊन तंबाखूचा नेम घेतलास. तुमच्यात कुणी हिरवी भाजी सोडतं, कुणी गोड सोडतं, तू सिगारेट सोडलीस. चार महिने. मला वाटलं होतं, चार दिवस टिकणार नाही. तू चिडचिडा झालास, बाजारात दोघातिघांशी भांडलास, सारखं लवंग चघळायचास, पण एकही ओढली नाहीस. मी जवळ बसून ओढत असलो तर उठून वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसायचास. आणि ती जखम सुकली. आधी कड धरली, मग खपली, मग नवी कातडी. कार्तिकात तू जोडा काढून मला बोट दाखवलंस, एखाद्यानं नातवंड दाखवावं तसं. तेव्हा तुझा हात मी मुद्दाम हातात घेतला. पूर्वीसारखा नव्हता. पण दगडही नव्हता.

चातुर्मास संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू माझ्या दुकानात येऊन डबा उघडलास.

मी म्हणालो, "हे काय?"

"नेम पुरा झाला. एक दिवस मोडला न्हाई, वैनीला विचार."

"मग आता जन्माचा घे."

तू काडी ओढायची थांबलास. "जन्माचा घेतला आन मोडला तर? देवापुढं दिलेला शब्द हाय नाना, बाजारातला सौदा न्हाई. जेवढा पाळाय येतोय तेवढाच घ्यावा माणसानं." आणि मग माझ्या तोंडाकडे बघून, "पाय बरा झालाय की. आता जेवल्यावर एक, बास."

शब्दाला इतका जपणारा माणूस तू होतास, म्हणूनच हे असं झालं. ज्याला शब्दाची किंमत नाही त्यानं जन्माचा नेम घेतला असता, दहादा मोडला असता, आणि कदाचित आज जिवंत असता. तू मोडण्याच्या भीतीनं घेतलाच नाहीस. यावर मला तुझ्याशी भांडायचं होतं. पुढच्या चातुर्मासाच्या आधी भांडू, असं मी ठरवलं होतं.

नवी हळद यायला लागली. त्या दिवशी तू सकाळीच आलास, आदल्या दिवशीची चौदस उपाशी काढून. छातीवर मूठ दाबून ढिगापाशी बसलास. थंडीत तुझ्या कपाळावर घाम होता.

"काय झालं?"

"पित्त. उपास सोडताना गरम दूध घेतलं, तेच वर आलंय."

असं सगळ्यांनाच वाटलं. उपास, पारणं, दूध, पित्त, यात चुकण्यासारखं काही दिसत नव्हतं. कुणी ओवा आणला, कुणी सोड्याची बाटली. डावा खांदा चोळत तू म्हणालास, "जरा चालतो, ढेकर आली की सुटंल," आणि आम्ही म्हणालो, चाल. तू ढिगांमधून येरझारा घालायला लागलास. पोटरी वळत नव्हती, पाय छान पडत होता. मला आठवतं, मला त्याचं बरं वाटलं. आम्ही सगळे पायाकडे बघत होतो, भूपाल. इतके महिने आम्ही पायाकडेच बघत होतो.

मग तू एका ढिगापाशी टेकलास. एक हळकुंड उचलून मोडलंस आणि कानाशी धरलंस. अलीकडे तू ओल बोटांनी न बघता आवाजानं बघायला लागला होतास. "ओला हाय माल," म्हणालास, "वाळू दे अजून." आणि पोत्यावर कलंडलास. टांगा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. घरी आणल्यावर वैनी रडली नाही. तुझे दोन्ही पाय तिनं लुगड्याच्या पदरानं पुसले आणि ते बोट, ते भरलेलं बोट, ती पुन्हा पुन्हा बघत राहिली.

मी त्यानंतर एकटा साताऱ्याला जाऊन आलो. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, हृदयाची नळी बंद पडली असावी, पित्त नव्हे. तंबाखूनंच झालं का, तर एका माणसावरून असं सांगता येत नाही, पण तंबाखू निर्दोष आहे असं ते म्हणणार नाहीत. मी विचारलं, ते चार महिने वाया गेले का? ते म्हणाले, "बोट वाचलं ना? वाया काहीच गेलं नाही. पुढचे मिळायला हवे होते." मग त्यांनी माझा पाय बघितला. मी आता सोडल्या तर हा पाय पहिल्यासारखा होईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "वाढायचं थांबेल अशी आशा आहे. जे बुजलं ते उघडेल असं वचन देत नाही." छातीचं मी विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं होतं.

तू गेलास त्या दिवसापासून मी ओढलेली नाही. हे धैर्य नव्हे. डबा हातात घेतला की मला तुझ्या कपाळावरचा घाम दिसतो. पण भीतीनं सोडलेली गोष्ट भीती ओसरली की परत येते, हे मी तुझ्यावरून शिकलो. जखम सुकली आणि तुझी भीती सुकली. म्हणून आमच्या घरी ही म्हणाली, "जोतिबाची शपथ घ्या. जन्माची." मी देवापुढे बसलो, बेल उचलला, आणि शब्द तोंडातून निघेना. तू का घेतला नव्हतास ते मला तिथे कळलं. चार महिन्यांना शेवट दिसतो. याला शेवट म्हणजे माझाच शेवट. तरी घेतली. आवाज नीट फुटला नाही, म्हणून हिनं दुसऱ्यांदा म्हणायला लावली.

आता बाजारातून घरापर्यंत कितीदा थांबतो ते मी मोजत नाही. जन्मभर सगळं मोजलं, हे मोजायची छाती होत नाही. मोजलं तर उद्याचा आकडा आजच्याशी लावून बघावा लागेल. छातीत जरा जडपणा आला की आधी काय खाल्लं ते आठवतो, आणि खाल्ल्याचं सापडलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि लगेच वाटतं, तूही असंच दूध सापडवलं होतंस.

ही माझ्याआधी उठते. हल्ली रोज बघतो आहे, चूल पेटवायच्या आधी ती पायथ्याशी येऊन बसते. पांघरूण थोडं सारते आणि हाताची पाठ माझ्या डाव्या तळव्याला लावते, मग उजव्या. उजव्याला जरा जास्त वेळ. मी जागा असतो, पण डोळे मिटून पडून राहतो. उघडले तर तिचं तोंड दिसेल, आणि दोन पायांत किती फरक पडला आहे ते मला त्यावरून कळेल.